दगडूभावोजींचं पासिंग

आमचे दगडूभावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दारात कुणी आलं तर माणसाकडे बघत नाहीत. ते आधी त्याच्या मोटरसायकलशेजारी उकिडवे बसतात. तापलेल्या पोराच्या कपाळावर आईनं हात ठेवावा तसा इंजिनावर उलटा पंजा ठेवतात, डोळे मिटतात आणि मग मान वर करून विचारतात, "हिला असं कधीपासून होतंय?"

आपण गार पडतो. कारण आपल्याला काहीच झाल्याचं माहीत नसतं.

माझ्या मुलीचं जमवायला मुलाकडची मंडळी महाडला आमच्या घरी आली, तेव्हा वडीलधारे म्हणून स्वागताला भावोजींना उभं केलं होतं. मंडळी बैठकीत येऊन टेकली, पोहे आले, आणि भावोजींचा पत्ता नाही. दहा मिनिटांनी ते आत आले. गुडघ्यांना माती, हाताला वंगण. सगळ्यांना नमस्कार करून म्हणाले, "मुलगा चांगला हाय. मागचा टायर गुळगुळीत हाय. आमची मुलगी त्या गाडीवर बसणार नाय."

मुलाच्या वडलांच्या हातातला चमचा पोह्यांत तसाच राहिला. माझी बायको माझ्याकडे असं बघायला लागली, जणू भावोजी मीच घडवून आणले होते. शेवटी मुलगा उठला, बाजारपेठेत जाऊन नवा टायर घालून आला आणि मग नारळ हातात पडला. आता लग्नाला चार वर्षं झाली. जावई मला अजिबात घाबरत नाही, पण सासुरवाडीला यायच्या आधी टायर बदलतो.

भावोजींनी तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. तिथं प्रत्येक गाडीचं दरवर्षी पासिंग. ब्रेक, स्टेअरिंग, दिवे, सगळं तपासून शेरा मिळाला तरच गाडी रस्त्यावर. रिटायर होऊन ते पोलादपूरच्या वर कापड्याला, आपल्या घरी आले आणि त्यांना आयुष्यातला सर्वांत मोठा धक्का बसला. दुचाकीला पासिंगच नाही. एकदा विकत घेतली की पंधरा वर्षं सरकार तिच्याकडे ढुंकून बघत नाही. हे त्यांना मीच सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"पंधरा वर्षं?" ते म्हणाले. "एवढ्यात माणूस म्हातारा होतो रे."

त्या वर्षापासून त्यांनी स्वतःच पासिंग सुरू केलं. गणपती गेले की दसऱ्यापर्यंत दर रविवारी, त्यांच्या अंगणात. दसऱ्याला घरोघर गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालतात. भावोजींनी गावात सांगून टाकलं की जी गाडी पास नाही तिला माळ घालणं म्हणजे झेंडूचा अपमान. बाप्यांनी हसून सोडून दिलं. बायकांनी मात्र मनावर घेतलं. कारण मागं बसणाऱ्या त्याच. माझी अक्का दारोदार जाऊन सांगून आली होती की यांनी बघितल्याशिवाय आरतीचं ताट बाहेर काढायचं नाही. झालं. दोन वर्षांत उमरठपासून कुडपणपर्यंतच्या गाड्या त्या रविवारांना कापड्याच्या अंगणात लागायला लागल्या.

पास गाडीला काही मिळत नसे. नापास गाडीच्या मागच्या मडगार्डवर भावोजी खडूनं ठसठशीत 'नापास' लिहीत आणि दोष दुरुस्त करून परत दाखवेपर्यंत ते पुसायचं नाही. पोलादपूरच्या बाजारात एखादा गडी नवा शर्ट घालून ऐटीत चाललेला असायचा आणि मागून बघावं तर नापास.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असते. चाकाच्या तारा ते चमच्यानं एकेक वाजवत जातात. सैल तार भद्द आवाज करते, की भावोजींच्या चेहऱ्यावर वेदना उमटते. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवतात. चेन दोन बोटांनी उचलतात. ब्रेक दाबायला लावून स्वतः मागं जाऊन लाल दिवा लागतो का बघतात, आणि तो दहांतल्या सहा गाड्यांचा लागत नाही. आरसे तर कुणाच्याच गाडीला नसतात. आरसा का काढला, असं विचारलं की सगळे एकच सांगतात, बरा दिसत नाही. "तुला मागचा ट्रक बरा दिसंल," असं म्हणून भावोजी खडू उचलतात.

माझ्या बाबतीत तर बोलायलाच नको. मी शाळामास्तर. गाडीत पेट्रोल कुठून घालतात आणि किल्ली कुठं लागते, या दोन्ही गोष्टी मला येतात. भावोजींनी एकदा विचारलं, चेनला तेल कधी दिलंस? मी म्हटलं, तिला लागतं? ते उठून घरात गेले आणि अक्कानं सांगितलं, देवापुढं बसलेत.

अक्का मागच्याच्या मागच्या श्रावणात गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. लेक मुंबईला, ती सारखी बोलावते, पण भावोजी जात नाहीत. अंगणातल्या गाड्या कोण बघणार, म्हणतात.

तेव्हापासून पासिंग कडक झालं. पूर्वी ज्या गाड्या एका फेरीत पास व्हायच्या त्यांना दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या पडायला लागल्या. माझी तर चार वेळा नापास झाली. दर वेळी महाडहून कापडे, भावोजींचा चहा, जेवण, आणि संध्याकाळी "पुढच्या रविवारी परत दाखव."

यंदा मात्र माझी गाडी खरोखरच पंधरा वर्षांची झाली. महाडला सरकारी तपासणीचा कॅम्प लागणार होता आणि मला गुरुवारची तारीख मिळाली होती. तिथं नापास झालो तर गाडी भंगारात. म्हणून आधीच्या रविवारी मी मोठ्या भक्तिभावानं भावोजींच्या अंगणात हजर झालो.

अंगण बघून चरकलो. एरवी पंधरा-वीस गाड्या असायच्या, यंदा माझी धरून चार. कुडपणचे एक गृहस्थ तिसऱ्यांदा घाट उतरून आले होते आणि तिसऱ्यांदा नापास झाले होते. ते भावोजींना तोंडावर काही बोलले नाहीत, पण मला बाजूला घेऊन म्हणाले की पुढच्या वर्षी माळ आपली आपण घालणार. सगळेच तसं म्हणतायत. तुमच्या भावोजींचं आता काय खरं नाय.

भावोजींनी माझ्या गाडीला पाऊण तास घेतला. मग म्हणाले, "मागचे ब्रेकशू संपलेत. गुरुवारी घरीच बसावं लागंल तुला." आणि खडू काढला.

मी घाबरून तसाच उतरणीला लागलो आणि पोलादपूरला रफिककडे गाडी घातली. रफिकचं गॅरेज नाक्यावर आहे आणि तो भावोजींच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं मडगार्डवरचं अक्षर वाचलं, मागचं चाक उतरवलं, ब्रेकचं झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. मला काय कळणार? मी गंभीरपणे मान डोलावली.

"सर," तो म्हणाला, "हे शू नवे हायत. मीच घातलेत, मे महिन्यात."

मला वाटलं भावोजींची नजर गेली. बोटांना कळेनासं झालं. मी तसं बोलूनही दाखवलं. रफिकनं कापडानं हात पुसले.

"नजर गेली असती तर मोडकी गाडी पास झाली असती. तशी एकपण नाय झाली. ह्या साली सात जण नापास होऊन माझ्याकडं आले, सातही गाड्या ठणठणीत. मी उघडतो, पुसतो, परत बसवतो, सांगतो काम झालं, जा दाखवायला. मी त्यांना खोटं पाडू काय?"

"पण ते असं का करतील?"

रफिक चाक बसवायला लागला होता. "नापास गाडी परत येते ना, सर. पास झालेली कशाला येईल?"

मी गॅरेजच्या बाकावर बसलो. मला खरंच धक्का बसला होता. व्याह्यांच्या तोंडावर टायरचा दोष काढणारा माणूस. यंत्राबद्दल उभ्या जन्मात खोटं बोलला नाही तो माणूस. मग हळूहळू दुसरा धक्का बसायला लागला, आणि तो माझा मला होता. अक्का गेल्यावर मी कापड्याला किती वेळा गेलो, ते मोजून बघितलं. जितक्या वेळा गाडी दाखवायला लागली होती, तितक्याच वेळा. एकही जास्त नाही. महाडहून तासाभराचा रस्ता आहे.

गुरुवारी कॅम्पमध्ये साहेबांनी चेसिसचा नंबर ताडून बघितला, हॉर्न वाजवला, ब्रेक लावून बघितला, दिवे बघितले. म्हणाले, "मास्तर, गाडी छान ठेवलीय." मी इकडेतिकडे बघितलं, ते दुसऱ्या कुणाशी बोलत असावेत. पाच मिनिटांत पुढच्या पाच वर्षांचा प्रश्न मिटला.

शाळेतून अर्धी रजा घेतलेलीच होती. मी तसाच कापड्याला गेलो.

अंगणात कुणी नव्हतं. भावोजी पायरीवर बसून एक पाना पुसत होते, जो आधीच चकचकीत होता. मला बघून उठले नाहीत.

"झाली पास?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"सरकारनं केली म्हणजे झालंच." ते पान्याकडेच बघत होते. "मग आता हिकडं काय काम?"

खरं बोलावं तर ते उघडे पडणार, आणि खोटं बोलायला मला मोटरसायकलीचे पुरेसे भाग माहीत नव्हते. जो आठवला तो सांगितला. "पुढचा ब्रेक. मला जरा शंका येते."

ते आले. ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. चाक फिरवून कान लावला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या दोन वर्षांत पहिल्यांदा गाडीबद्दल खरं बोलले.

"ठणठणीत हाय रे मधू."

"तरी एकदा उघडून बघा."

त्यांनी चाक आणखी एकदा फिरवलं. रफिकनं मला काय सांगितलं असेल, ते त्यांना कळलं असावं. निदान मला तसं वाटलं. मान खाली घालून म्हणाले, "उघडायचा म्हणजे दोन तास जातील."

"जाऊ देत."

ते घरात गेले आणि पाने घेऊन आले, आणि दोन पाट. एक माझ्यासाठी. मला त्यांनी आजवर गाडीच्या हातभर अंतरात बसू दिलं नव्हतं. चाक उतरलं. एक झाकण माझ्या हातात देऊन म्हणाले, नीट धर, पाडू नको. मी ते दोन्ही हातांनी धरून बसलो.

खाली वाकून नट सोडवता सोडवता ते मधेच बोलायला लागले.

"सकाळी चहा टाकतो ना, तो दोघांचाच होतो. किती लक्ष ठेवलं तरी. हाताला सवय झालीय, माप चुकतं."

मी विचारलं, मग उरलेल्या चहाचं काय करता?

"ठेवतो झाकून," ते म्हणाले. "अकरापर्यंत. कोण आलं तर."

पुढचा ब्रेक बसवून झाला तेव्हा उन्हं अजून बरीच वर होती. भावोजी हात पुसत उठायला लागले. मी पाट उचलला आणि गाडीच्या मागच्या बाजूला नेऊन टाकला.

"आलोच आहे तर," मी म्हटलं, "मागचंही चाक उतरवू या."