लाल बटणाला शंभरात चौऱ्याण्णव

"इबू, माझं लाल बटण शंभरातली चौऱ्याण्णव माणसं दाबतात! जगात कुठलंच बटण एवढं दाबलं जात नसेल!"

सोमवारी सकाळी कारखान्याच्या मालकीणबाईंना, इबू विदारतींना, ही बातमी देताना तेगारची छाती तळलेल्या पापडासारखी फुलली होती. उपमा पापडाची, कारण सिदोआर्जोतल्या त्या कारखान्यात कोळंबीचे पापडच होतात. तेगार तिथली वेबसाइट बघायचा. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, सगळं व्हिडिओ बघून बघून शिकलेला!

साइटवरचं ‘मागवा’ हे बटण आधी हिरवं होतं. कोपऱ्यात, मोहरीएवढं. ते म्बाक पालुपीचं. म्बाक म्हणजे ताई, जशी इबू म्हणजे बाई. तीही साइटचंच काम करायची, सुराबायाहून पदवी घेऊन आलेली. तेगारने लाल बटण केलं ते थेट फोनचा अख्खा पडदा व्यापणारं! मग चाचणी लावली. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना हिरवं दिसणार, निम्म्यांना लाल. ज्याचं बटण जिंकेल, साइटचा सगळा कारभार त्याच्या हाती, असं इबूंनी ठरवून टाकलं होतं.

"एकूण किती माणसं आली?" पालुपीने विचारलं.

"चौदा हजार! दोन आठवड्यांत! चाचणीचं टूल सांगतंय."

"माझं अ‍ॅनालिटिक्स तीन हजार आठशे सांगतंय."

"सांगणारच! तुमचं टूल म्हातारं झालंय, म्बाक. दारात वरात येऊन थडकली तरी ते चष्मा शोधत बसेल!"

"मग वरची दहा हजार माणसं गेली कुठे?"

"माझ्या बटणाकडे!"

"आणि ऑर्डरी का वाढल्या नाहीत?"

"लोक आधी प्रेमात पडतात. पापड नंतर मागवतात," तेगार म्हणाला. हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्याने ते लगेच फोनमध्ये टिपून ठेवलं.

पालुपी काही तरी पुटपुटली, पण इबू खूश होत्या. "शुक्रवारी तुम्पेंग करू!" त्यांनी जाहीर केलं. "शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही बोलवा. शेंड्याचा मान तेगारला!"

शुक्रवारी दुपारी अंगणात तुम्पेंग, म्हणजे हळदीच्या भाताचा सुळका, उभा राहिला; त्याचा शेंडा ज्याचं कौतुक त्याला मिळतो. भोवती कोंबडी, अंडी, भाज्या. कारखान्यातल्या बायका आल्या, शेजारी आले, गेटबाहेरच्या झाडाखाली बाइक-टॅक्सीच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसणारे डझनभर मोटारसायकलवालेही हेल्मेटं काढून, केस सारखे करून आले. तेगारने नवा बाटिकचा शर्ट घातला होता. भिंतीवर त्याने स्वतःचं बटण लावलं, दाराएवढं मोठं करून!

"मंडळी," तो म्हणाला, "हे ते बटण. हजारो अनोळखी माणसं रोज हे दाबतात. का? तर ह्या लाल रंगात एक ओढ आहे! माणसाचा अंगठा आपोआप..."

"अरेच्चा!" मोटारसायकलवाल्यांतले सगळ्यात वडील, पाक सुकीर म्हणजे सुकीरकाका, एकदम ओरडले. "हे तर आपलं वायफायचं बटण!"

"कसलं वायफाय?" इबूंनी विचारलं.

"तुमचंच हो, फुकटचं! गेटवर बसलं की पकडतं ना, ते! फोन खिशात गेला की बंद पडतं, बाहेर काढला की हे लाल समोर! दाबल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. मी दिवसाला तीसदा दाबतो!"

"तीस?" मागून एक जण म्हणाला. "माझं पस्तिसाच्या खाली येतच नाही!"

"निम्म्या वेळा हिरवं येतं तेव्हा बरं वाटतं," तिसरा म्हणाला. "बिचारं कोपऱ्यात असतं. वाटेत येत नाही."

महिन्यापूर्वी तेगारनेच मोठ्या हुशारीने करून ठेवलं होतं, की कारखान्याचं वायफाय जो घेईल त्याला आधी कारखान्याचं पान दिसेल. फुकटात जाहिरात! आणि फोन दर वेळी नवीन माणूस म्हणून मोजला जात होता.

"माझ्या टूलला मी आपल्या ऑफिसचं नेट मोजायचं नाही असं सांगून ठेवलंय," पालुपी शांतपणे म्हणाली. "आपणच दिवसभर ते पान उघडतो म्हणून. तू सांगितलंस का तुझ्या टूलला?"



इबूंनी सुळक्याचा शेंडा कापला, केळीच्या पानावर ठेवला आणि पाक सुकीरांच्या हातात दिला. "घ्या. मेहनत तुमची आहे."

टाळ्या पडल्या! सुकीर हात जोडून चारी बाजूंना वाकले.

"मग साइट..." तेगारने चाचरत विचारलं.

"थांब," इबू म्हणाल्या. "पालुपी, गेटवरची मंडळी वगळून सांग. चाचणीत नवं गिऱ्हाईक एक तरी मिळालं का?"

पालुपीने लॅपटॉप उघडला. "एक मिळालंय. पसुरुआनहून. दहा पाकिटं."

"पसुरुआन?" तेगार उडालाच. "ती माझी आई! बघा इबू! तिला कुठे हवं होतं तुमचं वायफाय? एका खऱ्याखुऱ्या बाईने खऱ्याखुऱ्या पापडासाठी बटण दाबलं! मोजा, हे तरी मोजा!"

सगळं अंगण पालुपीकडे बघायला लागलं. तिने पडद्याजवळ तोंड नेलं, पुन्हा एकदा नीट वाचलं.

"दाबलंय," ती म्हणाली. "हिरवं."