संघदीप जावा समजावून सांगतो

देवरीच्या संघदीपने गोंदियाला तीन महिने जावाचा कोर्स केला आणि घरच्यांचा जीव नकोसा करून सोडला. कोर्स तरी कसला! लोडशेडिंगमुळे कॉम्प्युटर बहुतेक बंदच, म्हणून सगळा जावा फळ्यावर. प्रोग्राम वहीत लिहायचा, त्याचं उत्तरही आपणच वहीत लिहायचं, आणि सरांनी त्यावर लाल पेनने बरोबरची खूण करायची. कॉम्प्युटरला यातलं काही कळवण्याची पद्धत नव्हती. पण सर्टिफिकेट रंगीत होतं, आणि तेवढ्या भांडवलावर हा शहाणा दिवाळीत आईला शिकवायला बसला. करंजीचा साचा म्हणजे क्लास, त्यातून निघते ती करंजी म्हणजे ऑब्जेक्ट, साचा एकच पण करंज्या हव्या तितक्या. अन्नपूर्णाबाईंनी साचा त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, मंग कर हव्या तितक्या. तो लगेच उठून गेला.

अशा या विद्वानासाठी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बकारामजींची लेक समीक्षा सांगून आली. मुलगी नर्सिंग झालेली. संघदीपने तिला एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून हीच पाहिजे म्हणून अडून बसला होता. अडचण एकच, त्याचा बाप. सेवकरामजी रुसण्यात पार देवरीपासून गोरेगावापर्यंत प्रसिद्ध. भात उशिरा आला, रुसले. पत्रिकेत नाव खाली छापलं, रुसले. स्वतःच्या लग्नातही रुसले होते, का ते त्यांनाही आठवत नाही. रुसले की बाहेर जायचे, एका पायातली चप्पल काढायचे आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचे. कोणी हात धरून आणेपर्यंत उठायचं नाव नाही. मुलगी पाहायला गोरेगावला येताना जीपमध्ये मायलेकरांनी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, आज काही झालं तरी रुसायचं नाही.

जय भीम झाला, पाणी झालं. संघदीपने आल्या आल्या आपला नवा मोबाइल टीव्हीजवळ चार्जिंगला लावला, म्हणजे त्याला कॅमेरा आहे हे सगळ्यांना दिसावं. पोहे आले. बकारामजींनी सहज विचारलं, काय शिकलात? झालं, माकडाच्या हाती कोलीत!

क्लास झाला, ऑब्जेक्ट झाला, करंज्या झाल्या. मग त्याने प्रायव्हेट समजावलं. क्लासच्या आतल्या काही गोष्टी बाहेरच्यांना दिसू द्यायच्या नसतात, म्हणून त्या प्रायव्हेट ठेवायच्या. समीक्षा खाली मान घालून ऐकत होती, त्यामुळे याला आणखी चेव आला.

"आता इनहेरिटन्स. समजा, बाबा झाले बेस क्लास, मी त्याइचा चाइल्ड क्लास. बाबात जे जे आहे, ते माह्यात आपोआप येते. वेगळं लिहाची गरजच नाई."

बकारामजींचा घास हातातच राहिला. भात उशिरा आला त्या पंगतीत ते स्वतः वाढायला होते. समीक्षाने पहिल्यांदा मान वर केली.

"रुसणं बी?"

संघदीपला घाम फुटला. पण जावात सगळ्यावर उपाय आहे.

"ते मी ओव्हरराइड केलं. म्हणजे बापाची जे पद्धत चुकली रायते, ते पोरगा बदलवू शकते."

"चुकली?" सेवकरामजी म्हणाले. बशी खाली ठेवली आणि निघाले.

बकारामजींना हसू आवरेना. पाहुण्यांवर हसू नये हे कळत होतं, पण पोट ऐकत नव्हतं. तेव्हा या दीडशहाण्याने काय करावं? आमच्या बाबावर हासता का, म्हणून आपलीही बशी ठेवली आणि बापाच्या मागे बाहेर!

खिडकीतून समोरच्या नाल्यावरची पुलिया दिसत होती. तिच्यावर बापलेक बसले होते. दोघांची एकेक चप्पल काढलेली, दोघांचं तोंड रस्त्याकडे.

"उदाहरण तं बेस देल्लं पोट्ट्यानं," बकारामजी डोळे पुसत म्हणाले आणि समजूत काढायला उठले. अन्नपूर्णाबाईंनी त्यांना अडवलं.

"बसा भाऊजी. लगन झाल्यापासून मीच आणून राहिली. आज कोणी नाई गेलं तं काय होते, ते मले बी पाहू द्या."

कोणी गेलं नाही. चहा झाला, पिऊन झाला. समीक्षा खिडकीतच उभी होती. पोरगा बडबड्या होता, पण तिला आवडला होता, आणि आता तिला त्याचा रागही येत होता.

"आपल्या पायानं वापस आला तं हो म्हणीन," ती अन्नपूर्णाबाईंना म्हणाली. "आणाले गेली तं जनमभर आणतच राहीन."

बऱ्याच वेळाने संघदीप उठला. चप्पल पायात घातली. सेवकरामजी पाहतच राहिले, त्यांच्या घराण्यात न बोलावता कोणी उठलं नव्हतं. तो सरळ आत आला. अन्नपूर्णाबाईंनी डोळ्याला पदर लावला. समीक्षाने हसून पोह्यांची बशी पुढे केली. तो गोंधळला, मग मुकाट्याने बसला आणि खाऊ लागला.

"अन् सेवकरामजी?" बकारामजींनी विचारलं.

"ते बेस क्लास आहेत," तो तोंडात घास ठेवून म्हणाला. "ते नाई बदलत."

सोयरीक तिथेच पक्की झाली. सेवकरामजींना हात धरून आणावं लागलं.

आता खरं सांगायचं तर संघदीपचा राग मुळीच गेला नव्हता. पुलियावर बसून बसून कंटाळा आला, म्हणून तो मोबाइल घ्यायला आत आला होता. घेऊन परत जायचं आणि सापाचा गेम खेळत रुसायचं, असा बेत होता. पण त्याने समीक्षाचं तोंड पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती अजून सगळ्यांना सांगते की हा आपल्या पायाने परत आला. हा मान डोलावतो. तीन महिन्यांच्या कोर्सातलं प्रायव्हेट तेवढं त्याला नीट जमलं. मोबाइल मात्र त्या दिवशी टीव्हीजवळच राहिला, कारण मागायची सोय नव्हती.