शेवटच्या पानावरची मुलगी

माणूस गेला की त्याचं अर्धवट काम घरातल्या सर्वांत अडाणी माणसाच्या गळ्यात पडतं, हा निसर्गनियम आहे. माझी बायको मुनीरा गेल्याचं इस्पितळातून कळलं, त्या दुपारी स्फाक्स शहरातल्या आमच्या घरी सगळ्यांत आधी पोचला तो तिचा प्रकाशक, नाजी. तो रडला, शेजाऱ्यांनी आणलेला कुसकुस जेवला (दोनदा), आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "तौफिकभाई, अल्लाची मर्जी. पण पुस्तकाचं शेवटचं पान राहिलंय."

मी फ्रिज दुरुस्त करतो. तेव्हा काम माझ्याकडे आलं.

मुनीरा मुलांसाठी लिहायची. हे पुस्तक आमच्या अकरा वर्षांच्या दोर्रावर होतं. दोर्राला डाउन सिंड्रोम आहे. पुस्तकातली दोर्रा पत्त्यांत लबाडी करते, लग्नघरातला बकलावा पळवते आणि पकडली गेली की साफ नाही म्हणते. म्हणजे आहे तशीच. नाजीला काळजी होती ती हीच.

त्याने मला बालसाहित्याचे नियम समजावले. ते किती विचारपूर्वक केलेत हे पाहून मी थक्क झालो. अशी मुलगी सतत हसते. तिला राग येत नाही (राग बाकीच्या मुलांसाठी राखून ठेवलेला आहे). भेटेल त्याला ती मिठी मारते. तिला स्वतःचं काही काम नसतं. शेजारच्या एखाद्या उद्धट पोराला सुधारायचं, एवढंच. तो सुधारला की तिने शर्यत जिंकावी, नाहीतर मरावं. नाजीच्या कपाटातल्या अशा दहा मुलांपैकी सहा शेवटच्या पानापर्यंत पोचत नाहीत. पटकीलासुद्धा हे प्रमाण जमलेलं नाही.

"लोक रडतात," नाजी म्हणाला, "आणि रडलेला माणूस दोन प्रती घेतो. एक भाच्याला."

मी पान लिहिलं. आई तारा झाली. दोर्रा खिडकीतून तिच्याकडे पाहून हसली. ते हसू पाहून सगळ्या गल्लीने एकमेकांना माफ केलं. (आमच्या गल्लीत एका भिंतीवरून मुनीराच्या आणि माझ्या लग्नाआधीपासून खटला चालू आहे.) फोनवर ऐकून नाजीने हुंदका दिला. मलाही वाटलं, उगाच फ्रिज उघडण्यात आयुष्य घालवलं.

मग ते दोर्राला वाचून दाखवलं.

"ही कोण?" तिने विचारलं.

"तू."

"हॅट! मी नाही हसले. मी सलवामावशीला लाथ मारली."

खरं होतं. सलवा म्हणजे मुनीराची बहीण. भरल्या घरात ती म्हणाली होती, "बिचारीला कुठे काय कळतंय!"

"आणि आई तारा नाहीये," दोर्रा म्हणाली. "तिला पुरलं ना. तू होतास की तिथे, बाबा."

मी नाजीला फोन केला. म्हटलं, पान रद्द. कारण विचारलं म्हणून तिचं बोलणं सांगितलं, तर तो ओरडलाच, "वा! पोरीने बापाचे डोळे उघडले! हाच शेवट, तौफिकभाई!"

"डोळे-बिळे काही नाही हो. ती वैतागली होती."

"तेच लिहा. फक्त वैताग काढून टाका."

नियम असा भक्कम आहे. मुलगी हसली तर देवदूत, चिडली तर गुरू. (ती बोलली तेव्हा तुम्हालाही जरा भरून आलं. लहान तोंडी केवढं शहाणपण, असं वाटलं. लाजू नका, मलाही वाटलं. ही पुस्तकं आपल्यासाठीच छापतात.)

त्या संध्याकाळी दोर्राने मला पत्त्यांत हरवलं. चौकटची सत्ती तिच्या मोज्यात होती. त्यातून कोणी काही शिकलं नाही.

रविवारपर्यंत दुसरं पान आलं नाही, तर नाजी तारावालंच छापणार आहे. मी रोज बसतो. खऱ्या दोर्राचं एक वाक्य लिहितो, मग माझाच हात तिला गोड करायला लागतो, मग मी ते खोडतो.

पान अजून लिहून झालेलं नाही. दोर्राचे केसही विंचरायचे राहिलेत. ते मुनीरा करायची, आणि मला दोर्रा हात लावू देत नाही.