नानांचा ब्रेक

आमच्या आळीत नवी गाडी आली की तिला हार घालायच्या आधी नाना तिचा ब्रेक दाबून बघतात. पेढा नंतर. दुधवाल्याची स्कूटर असो, पार्सलवाल्याची बाईक असो, नाना आडवे येतात आणि विचारतात, "पळत्यात समद्याच. थांबती का?"

त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. आत पोहे चाललेले, पगार-फ्लॅटची चौकशी चाललेली, आणि नाना गायब. थोड्या वेळानं हात पुसत आत आले आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पर त्येच्या गाडीचा मागला ब्रेक निस्ता शोभेला हाय. तेवढा करून घ्या, मंग याद्या करू." लग्न झालं. ब्रेकही झाला. तो नानांनीच केला, मांडवाच्या दारात, फेटा बांधून.

नाना मूळचे इथले, भुकूमचेच. सगळी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपात गेली. त्यांच्या घरासमोरच्या गाळ्यात मी ब्लाऊज शिवते, त्यामुळे दिवसभर ते माझ्या डोळ्यांपुढं असतात. पेन्शनीत आल्यावर लोक जागेवर भाड्याच्या खोल्या बांधतात. नानांनी लिलावातून लष्कराचा जुना, हत्तीएवढा ट्रक आणला. तो हिरवा रंग खासगी माणसाला चालत नाही, म्हणून निळा मारावा लागला. पण बॉनेटच्या आतला हिरवा त्यांनी तसाच ठेवला. म्हणाले, "वर्दी उतरवली तरी आतलं बनियन तेच ऱ्हातंय."

ट्रकवर पाण्याची टाकी बसवून नाना टेकडीवरच्या सोसायट्यांना पाणी पोचवतात. नानी होत्या तेव्हा म्हणायच्या, "ह्यांनी माज्यापरीस त्या ट्रकाखालीच जास्ती संसार केला." नानी जाऊन आता काही वर्षं झाली. मुलगा परदेशात. ट्रक आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात टाकी रिकामी करून नाना टेकडी उतरले, आळीत शिरले आणि बरोबर माझ्या दुकानापुढं ट्रकनं लांबलचक फुसकारा टाकला. मागची चाकं जागच्या जागी जाम. पुढं जाईना, मागं जाईना. पाठीमागं सोसायटीच्या गाड्यांची रांग आणि भोंग्यांचा कालवा.

नाना खाली उतरले ते पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखे. "थांबली! बघितलं का? हवा गेली की आपसूक थांबती. माणसापरीस शहाणी."

मागच्या चाकाजवळ एक वाटोळा डबा असतो, एका पातेल्यावर दुसरं उपडं घालावं तसा. त्याला ब्रेक चेंबर म्हणतात. त्यातला रबरी पडदा फाटला होता. नव्या चेंबरची जोडी नानांच्या पलंगाखाली होतीच, नानींच्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेली.

सोसायटीचे सेक्रेटरी गाडीतून उतरून आले. "अंकल, प्लीज, काहीतरी करा. माझी मीटिंग आहे."

"घ्या की मीटिंग. हितं घ्या, सावली हाय," म्हणत नानांनी त्यांना माझ्या दुकानात स्टुलावर बसवलं. त्यांनी खरंच लॅपटॉप उघडला. त्यांच्या डोक्यावर माझे सात-आठ ब्लाऊज लोंबत होते. पलीकडून कुणीतरी इंग्रजीत काहीतरी विचारलं, तेव्हा ते वर बघून एकदम लालच झाले.

इकडं नानांनी चाकांना दगड लावले, रस्त्यावर आडवी दोरी बांधली आणि मला न विचारता एका नवरीच्या ब्लाऊजचं लाल कापड तिच्यावर टाकलं.

"नाना, ते शालूवरचं हाय!"

"मंग तर लांबनं दिसंल. मागं सरा समदी! ह्या डब्यात स्प्रिंग कोंडल्याली हाय. तिला दाबून धरनारा बोल्ट न लावता उघडला तर तोफंवानी सुटती."

लोक हसले. दोन तरुण तर मदतीला पुढं झाले. तेव्हा नाना ओरडले, आणि मी त्यांना इतक्या वर्षांत तसं ओरडताना ऐकलं नव्हतं. "दोरीच्या अलीकडं कोन येनार न्हाई! म्या एकलाच जानार!" मग पोतं अंथरून ते ट्रकाखाली सरकले. बाहेर फक्त चपला दिसत होत्या. भोंगे थांबले. आत पाना फिरत होता तेवढाच आवाज. मी त्या चपला हलताहेत ना, एवढंच बघत होते.

फाटला एकच होता, पण नानांनी दोन्ही बदलले. बाहेर आले तेव्हा मिशा काळ्या झाल्या होत्या. "चढ गं वर. ब्रेक तू मारायचा."

"मी?"

"तुजा पाय पायडलला बसल्याला हाय. ह्या बाकीच्यांचा कीबोर्डला."

मी साडी खोचून चढले. इंजिन धडधडत होतं. मी ब्रेक दाबला, सोडला, दाबला. नानांनी माझ्याच भांड्यांच्या साबणाचं पाणी सगळीकडं फासून बघितलं. कुठं बुडबुडा नाही, म्हणजे हवा कुठं गळत नाही. मला शेजारी सरकवून नानांनी ट्रक आपल्या मोकळ्या जागेत लावला, रांग निघून गेली, सेक्रेटरी थँक्यू म्हणून गेले.

मी उतरायला लागले तर नाना म्हणाले, "थांब वाईच." त्यांनी फोन लावला. पलीकडं एक बाई हिंदीत बोलली, "हाँ जी, देती हूँ पापाजी को."

"माजं उस्ताद," नाना मला म्हणाले. "लुधियान्याला असत्यात. मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. आता नजर गेली, खाटंवरच असत्यात." मग फोनमध्ये मोठ्यानं, "उस्ताद, पीछेवाले दोनों नये डाले. सुनो!"

फोन चाकाजवळ धरून त्यांनी मला हात केला. मी परत ड्रायव्हरच्या जागेवर सरकून ब्रेक दाबून सोडला. फुस्स. पुन्हा एकदा. फुस्स.

पलीकडून एक खरखरीत आवाज आला. "लीक है. बायाँवाला."

"जी उस्ताद. कल खोलता हूँ. शाम को फिर सुनाऊँगा."

पुन्हा ते ट्रकाखाली जाणार! मी उतरून डावा डबा साबणाच्या पाण्यानं स्वतः माखला. कान लावून ऐकलं.

"नाना, कुटं हाय लीक? एकबी बुडबुडा न्हाई."

"न्हाईच हाय," नाना म्हणाले. फोन शर्टाच्या खिशात ठेवून त्यांनी वरून हात फिरवला. "दर खेपंला त्येंचा बायाँच लीक असतोय. नसंल तर उद्या म्या फोन कशापायी करायचा?"

मग माझ्याकडं न बघता ते दगड गोळा करायला लागले. "उद्या सांजच्याला ये पायडल मारायला. तुजी शिवण आटपून ये, घाई न्हाई."