उलव्याच्या सहा निवट्या

या तालुक्यात कोण कोणाचा कोण लागतो, हे मला विचारल्याशिवाय ठरत नसे! बढाई नाही, वस्तुस्थिती सांगतोय. पनवेलच्या एका सरकारी कचेरीत वारस नोंदींचं टेबल अकरा वर्षं माझ्याकडे होतं. गेलेल्या माणसाला मुलं किती, हे मला कळायचं. काही वेळा तर त्याच्या बायकोपेक्षा दोन जास्तच कळायची! एकच नाव दोनदा घुसडून दोन हिस्से मागणारे महाभाग मी चहा निवायच्या आत पकडलेत.

तर असा मी. आणि माझी बायको पद्मजा. ती इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. शिकवणं पोटासाठी, जीव मात्र सगळा निवट्यांत. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात पंखांवर टुणटुण उड्या मारणारा मासा. डोळे डोक्याच्या वर, चेहऱ्यावर साहेब रजा नामंजूर करताना असतो तसा भाव. बाकीचं पनवेल त्याचं कालवण करतं. पद्मजा त्याची वंशावळ करत होती.

"पनवेलच्या खाडीतली निवटी आणि उलव्याच्या खाजणातली निवटी, दिसायला अगदी एक," ती सांगायची. "पण मला वाटतं त्या दोन वेगळ्या जाती आहेत. लाखो वर्षांपूर्वी फारकत झालेल्या! पेशीतला डीएनए वाचला की कळेल. ती एक लांबलचक अक्षरांची ओळ असते. दोघांच्या ओळींत फरक जितका कमी, तितकं नातं जवळचं."

"म्हणजे आमचा वारसांचा तक्ताच की!"

"हो, साधारण तसंच," ती म्हणाली.

हे वाक्य तिनं उच्चारायला नको होतं. मला तेवढ्यावर आत्मविश्वास येतो.

हे १९९६ सालचं. पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत पुढच्या मे महिन्यात संपणार होती आणि तिच्या हातात सहा वर्षांचा चिखल होता. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं शब्द दिला होता : चोवीस नमुने पाठव, वाचून देते. पंचविसावा नाही. पद्मजानं पनवेलच्या खाडीचे अठरा नमुने जमवले आणि उरलेल्या सहांसाठी उलवं गाठलं. तिथल्या भामाबाई चिखलात हात घालून निवट्या धरायच्या. मीही बरोबर होतो. बांधावर, रुमाल अंथरून.

"बाय, यवऱ्या घे, जल्दी कर," भामाबाई सांगत होत्या. "पुरल्या महिन्यान हितं भराव परनार हाय. मंग निवटी नाय नि चिकोल नाय!"

सहा निवट्या मिळाल्या. पद्मजाची एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली. पण पद्मजाबाई घरी आल्या त्या लग्नाच्या वरातीतून आल्यासारख्या! प्रत्येक निवटीच्या पंखाचा नखाएवढा तुकडा स्पिरिटच्या इवल्या बाटलीत घातला, आत पेन्सिलीची चिठ्ठी टाकली आणि बाटल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवल्या. देव्हाऱ्यात कुंकवाचा करंडा जपतात तशा.

आता दुसरीकडे माझ्या टेबलावर दयाराम आणि काशीराम होते. चुलतभाऊ. म्हणजे काशीरामच्या मते चुलतभाऊ. दयारामच्या मते काशीरामचा आजा उरणच्या मिठागरावरून कामाला आलेला परका माणूस. सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांच्या योजनेतला प्लॉट मिळणार होता, आणि तो एका घराला की दोन घरांना, यावर चार वर्षं माझ्या टेबलाची लाकडं झिजत होती.

"यो आमच्या भावकीन नाय!" दयाराम टेबल बडवायचा.

"मना भावकीन नाय बोलतंय? तुज्या बारशाला घुगऱ्या माज्या आयनं वाटल्या!" काशीराम दुसऱ्या बाजूनं बडवायचा.

एके दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा! आमच्या घरी असं शास्त्र आहे की एका केसावरून कोण कोणाचा कोण, ते कागदावर छापून येतं!"

टेबल बडवणं थांबलं. चार वर्षांत प्रथमच!

दुसऱ्या दिवशी घरी चार पाकिटं आली. दयारामचा केस, काशीरामचा केस, दयारामच्या आत्याचा केस, काशीरामच्या थोरल्या मुलाचा केस. सगळे मुळासकट उपटलेले. आत्याबाई रडल्या म्हणे. मी पाचवा घातला, माझा. ताळा बरोबर येतो का, ते बघायला परका माणूस हवाच!

पण जागा चोवीसच. पद्मजा सहामाहीच्या पेपरांत बुडालेली. मी म्हटलं, "तू पेपर तपास. पार्सल मी करतो. यादी, शिक्के, सगळं चोख."

"नक्की ना हो? बाटल्यांना हात नीट लावा."

"पद्मजा, मी अकरा वर्षं काय करतोय?"

डबा उघडला, चिठ्ठ्या वाचून यादी केली. पनवेलच्या अठरांवर अठरा वेगळ्या तारखा, तिथे तक्रार नव्हती. आणि एकोणीस नंबरापासून माझे डोळे विस्फारले. निवटी, उलवे, पाच नोव्हेंबर. वीस : निवटी, उलवे, पाच नोव्हेंबर. एकवीस : तेच! बावीस : तेच! एकच नाव, एकच गाव, एकच तारीख, सहा वेळा! आमच्या कचेरीत असं करणाऱ्याला मी उभा सोलला असता. मला बायकोची दया आली. बिचारी किती दमते, एकच नोंद सहादा केली तरी कळत नाही!

दुबार नोंदी कमी केल्या. एक ठेवली, पाच मोरीत ओतल्या. बाटल्या विसळल्या, नवं स्पिरिट घातलं, पाच केस सोडले. नंबर वीस ते चोवीस कायम. बेरीज चोवीस. पार्सल रवाना! त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की कोपऱ्यावरून जिलबी आणली. पद्मजानंही खाल्ली.

मार्चमध्ये एका रविवारी टपाल आलं. मीच दयाराम-काशीरामला निरोप धाडला. निकाल साक्षीदारांसमोर लागलेला बरा. दोघे कोचाच्या दोन टोकांना बसले. पद्मजा पाण्याचे ग्लास घेऊन आली.

"हे कशाला आलेत?"

"कळेलच!"

तिनं लिफाफा फोडला. आत फांद्याफांद्यांचा तक्ता आणि मैत्रिणीचं पत्र. ती मोठ्यानं वाचायला लागली. पनवेलचे अठरा एका फांदीवर. एकोणीस नंबर, उलवे, एकटाच, लांब, वेगळ्या फांदीवर!

"अहो! वेगळी आहे! मी म्हणत होते ना!" तिनं माझा हात धरला. लग्नातही इतका घट्ट धरला नव्हता. "आता बाकीचे पाच त्याच्याच शेजारी आले की झालं..."

पुढचं ती मनात वाचू लागली. हात सुटला.

"'वीस ते चोवीसमध्ये माणसाचे केस निघाले. तुलनेसाठी पाठवलेस असं धरून वाचले. पाचही एकमेकांच्या अगदी जवळ. पण उलव्याची निवटी एकच का पाठवलीस?'" तिनं मान वर केली. "माणसाचे केस?"

"पाचही जवळ!" काशीराम कोचावरून उडाला. "आयकलास दया? येक भावकी हाय! कार हिस्सा!"

"पाच कनचे? आमी तं चार!" दयाराम.

"पाचवा माझा," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

"म्हंजे सायेबपन आमच्याच भावकीन?" दयाराम म्हणाला. "यालापन प्लॉटान हिस्सा?"

"तसं नाही," पद्मजाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. "माशांशेजारी ठेवली तर जगातली कुठलीही पाच माणसं एकमेकांच्या जवळच दिसतील. यावरून भावकी ठरत नाही."

दयारामनं बराच विचार केला. "मानूस मानसाच्या जवल हाय, यवरं सांगाला आमच्या आत्याचं केस उपटलं?"

दोघे उठले आणि चार वर्षांत प्रथमच एका दारातून एकत्र बाहेर पडले, माझ्याविरुद्ध तक्रार कोणी लिहायची यावर बोलत. आमचे साहेब मोठे न्यायी! आठवड्याभरात माझं टेबल दुसऱ्याकडे गेलं.

पण ते नंतर. तेव्हा पद्मजानं लिफाफा उलटा करून झटकून पाहिला.

"माझ्या पाच निवट्या कुठेत?"

"पद्मजा, त्या दुबार..."

"सहा वेगळ्या निवट्या होत्या, हो. सहा जीव. एकावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून सहा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती साडी बदलून आली आणि म्हणाली, "रिक्षा बोलवा. उलव्याला जायचंय."

खाजणाच्या जागी लाल मुरूम होता. सपाट. त्यावर रोलर मागेपुढे करत होता. भामाबाई बाजूला डोक्यावर पाटी घेऊन उभ्या होत्या. त्याच भरावावर कामाला लागलेल्या.

"निवट्या?" त्यांनी पायानं जमीन दाखवली. "हितंच हान, बाय. खाली."

पद्मजा मुरमावर उकिडवी बसली आणि हाताच्या तळव्यानं तो दाबून पाहिला, चिखल अजून कुठे मऊ लागतो का ते. कुठेच लागला नाही. मी रुमाल पुढे केला. तिनं घेतला नाही.

तिच्या मार्गदर्शक सरांनी एका वाक्यात निकाल दिला : एक नमुना म्हणजे पुरावा नव्हे, योगायोग. मुदतवाढ मिळाली नाही. प्रबंधातून उलव्याचं अख्खं प्रकरण गेलं. मागे एक परिशिष्ट राहिलं, नमुन्यांची यादी, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. एका संध्याकाळी तिनं तो कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

"वीस ते चोवीसपुढे काय लिहू? तुम्हीच लिहा. तुम्हाला सवय आहे."

मी लिहिलं : 'सदर पाच नमुने दुबार नोंद समजून संशोधिकेच्या पतीने कमी केले.' खाली तारीख घातली, सही केली.

तिनं वाचलं, घडी घातली. म्हणाली, "सहा वर्षांत या प्रबंधातलं हे एकच वाक्य असं आहे, ज्याला पुरावा लागत नाही."