डाव्या सीटवरची घागर

आमच्या गल्लीतून रोज सकाळी सात वाजता एक जुनी जीप निघते. चालवणारे सिद्रामप्पा, वय एकाहत्तर, डोक्यावर पांढरी टोपी. शेजारच्या डाव्या सीटवर वाळूचं पोतं, पोत्यावर दोरीनं बांधलेली पितळेची घागर, आणि घागरीत काठोकाठ पाणी. त्या सीटवर माणसाला बसायची परवानगी नाही. एकदा मी घाईत तिकडून पाय टाकला, तर केवढ्यानं ओरडले! "सर, तितं न्हाय! तितं पानी बसतंय!"

मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. माझ्यावर असं कुणी ओरडत नाही. पण अप्पांपुढं माझी डाळ शिजत नाही. मी निमूटपणे मागच्या फळीवर जाऊन बसलो.

फेरी अर्ध्या तासाची. होटगी रोडनं खाली जायचं, मग डांबर सोडून दगडगोट्यांच्या वाटेनं फिरून यायचं. घरी आलं की अप्पा एका लहान लोटीनं घागर पुन्हा काठोकाठ भरतात आणि किती लोट्या लागल्या ते मोठ्यानं सांगतात. "आज पाच सांडलं." मग जीपखाली शिरतात ते जेवायलाच बाहेर येतात. आधी पोत्यात वाळूऐवजी जोंधळा होता. पण सांडलेल्या पाण्यानं त्याला मोड आले, तेव्हा गौराकाकू, म्हणजे अप्पांची बायको, चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

अप्पा मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी बोलणारे. सगळी हयात चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे यंत्रमाग बिघडला की ज्याच्या नावानं हाका मारतात तो. त्यांनी कुठल्याच यंत्राचं पुस्तक कधी वाचलं नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मध्ये कुणी बोललं की हात वर. "थांबा. बोलालीय ती."

आणि कुणी घाई केली, की दुसरं ठरलेलं वाक्य. "हळू. धागा तुटंल." भाजीवाल्याला हेच, माझ्या नातवाला हेच, बँकेतल्या मॅनेजरलाही हेच.

ही जीप त्यांना एका साखर कारखान्याच्या आवारात, बाभळीखाली मिळाली. ट्रॉलीवरून गल्लीत उतरवली तेव्हा तिला चाकं दोन, आणि बॉनेटखाली गांधीलमाश्यांचं पोळं. मी म्हटलं, "अप्पा, ही जीप नाही, हा जीपचा सांगाडा आहे." ते म्हणाले, "सांगाडा हाय तर मग काय, निम्मं काम झालंय की!"

पुढची तीन वर्षं आम्ही शेजाऱ्यांनी कशी काढली ते आम्हालाच माहीत. इंजिन उघडून माझ्या कट्ट्यावर मांडलेलं. दिवाळीला मी पणत्या पिस्टनच्या मधल्या जागेत ठेवल्या. मिळेल तो पार्ट भंगारातून आणायचा, न मिळेल तो लेथवर करून घ्यायचा, आणि दोन्ही जमलं नाही तर मागाचा बसवायचा. मागाच्या चामडी पट्ट्याचे तुकडे कापून त्यांनी स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये घातले, म्हणजे पाटे एकमेकांवर गुपचूप सरकतील. डावी सीट तर बाजेसारखी नवारीनं विणली आणि वर जुन्या चादरींच्या सात घड्या घातल्या. उजव्या, म्हणजे स्वतःच्या सीटला साधं पोतं.

एकदाच फसले, पण झकास फसले. वरचं ताडपत्रीचं छत सैल पडायला लागलं, तर यांनी मागावरच्या सुताला लावतात तशी पिठाची कांजी करून छताला चोपडली. छत कडक झालं, वाजवलं तर हलगीसारखं वाजत होतं. अप्पा खूश! दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपलेले असताना गल्लीतल्या तीन शेळ्या बॉनेटवर चढल्या आणि पुढचं हातभर छत खाऊन गेल्या. मी हसून हसून खाली बसलो. अप्पांनी छताची कड बोटानं तपासली आणि म्हणाले, "कांजी चांगली जमली हुती मग."

आता तुम्ही म्हणाल, घागरीचं काय ते सांगा. सांगतो.

गौराकाकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय सहा वर्षांपूर्वी. डॉक्टरांनी बजावलंय, हिसका बसता कामा नये. आणि काकूंची थोरली बहीण, नीलाक्का, राहते अक्कलकोटच्या पलीकडं, टेकडीवरच्या वस्तीत. गावापर्यंत डांबर आहे. पुढं ओढा, मोठाले गोटे आणि छातीवर येणारा मुरमाड चढ. तिथं ट्रॅक्टर जातो, पण ट्रॅक्टरवर काकूंचा मणका टिकायचा नाही. अक्काचे गुडघे गेलेले, तिला खाली उतरता येत नाही. सहा वर्षं दोघी बहिणी फोनवर. दोघींना ऐकू कमी, त्यामुळं रोज संध्याकाळी साऱ्या गल्लीला कळतं की अक्का जेवली का. "अक्का, ऊटा आतेन?" काकू विचारतात, आणि मग लगेच भांडण सुरू होतं.

गेल्या वर्षी येळवसेला माझ्या नव्या गाडीतून आम्ही काकूंना घेऊन गेलो. येळवस म्हणजे आमच्याकडची हिवाळ्यातली अमावस्या. सगळ्यांनी शेतात जायचं, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे खायचे, आंबील प्यायची. माझी गाडी ओढ्यापाशी पोट घासून थांबली. वर टेकडीच्या कडेला अक्का येऊन उभी होती. तिनं पदर हलवला, काकूंनी खालून हात हलवला. अर्धा तास नुसते हात हलवले दोघींनी, आणि आम्ही माघारी आलो. मला माझ्या गाडीची लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

तेव्हापासून ही घागर. पोत्यातली वाळू काकूंच्या वजनाएवढी, पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर काकूंना उभं करून मोजलेली. घागर म्हणजे मणका. "येळवसेच्या आत पानी सांडायचं थांबलं पायजे," अप्पा म्हणाले. "एक थेंब सांडला तरी तिला न्हेनार न्हाय." एक पाटा काढ, टायरची हवा कमी कर, नवार ताण. पाचाच्या तीन लोट्या झाल्या, तिनाची एक. येळवस दोन दिवसांवर आली तेव्हा लोटी कोरडी राहिली. अप्पा जीपमधून उतरले, घागरीत बघत उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. बस्स, एवढंच.

"सर, तुमी चला," मला म्हणाले. मला भरून आलं. एवढ्या मोठ्या दिवशी आपली आठवण! मग विचारलं, "तुमचं वजन किती?"

"ब्याण्णव किलो."

"झ्याक. चढाला मागं वजन पायजे."

तर मी वजन म्हणून गेलो. मांडीवर आंबिलीचं मडकं, पायाशी भज्जीचा डबा.

ओढ्यापाशी कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा होता. त्यावरची पोरं हसायला लागली. "अप्पा, बैल आनू का वडायला?" अप्पांनी चारही चाकांचा दांडा टाकला, दांड्याला नमस्कार केला आणि जीप पाण्यात घातली. गोट्यांवरून ती अशी चालली, जशी म्हातारी बाई ओल्या अंगणातून जपून चालावी. माझं मडकं शांत. चढ लागला. निम्म्यावर मागचं चाक मुरमात फिरायला लागलं, वास सुटला, आणि मी बोंबललो, "दाबा अप्पा! दाबा जोरात!"

अप्पांचा पाय खरंच दाबायला निघाला होता. मी बघितलं ना! तेवढ्यात डाव्या सीटवरून गौराकाकू अगदी थंडपणे म्हणाल्या, "हळू. धागा तुटंल."

अप्पा थांबले. ब्रेकवर पाय, डोळे मिटले, इंजिन ऐकलं. लहान गियरचा दांडा ओढला. मला म्हणाले, "सर, जरा उजवीकडं सरका." मी सरकलो. आणि हो, जीप निघाली! दगड चुरत, धापा टाकत, पण थांबली म्हणून नाही. खालच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. अप्पांनी टेकडीच्या माथ्यावर हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. साऱ्या वस्तीतली माणसं, कुत्री, शेळ्या, सगळे धावत आले. मी मडकं डोक्यावर धरून ओरडत होतो, कुणाला काय वाटायचं ते वाटो.

जीप थांबली. अप्पांनी समोर बघतच विचारलं, "दुकतंय का?"

"तुमच्या घागरीला इचारा," काकू म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

अक्का काठी टेकत आली. सहा वर्षांनी दोघी समोरासमोर. अक्कानं काकूंच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, आणि पुढच्याच क्षणी दोघी कानडीत भांडायला लागल्या. त्या दिवशी मी सात उंडे खाल्ले. निघताना अक्का हटून बसली, तिलाही त्या सीटवर बसायचं होतं. अप्पांनी तिला उचलून बसवलं आणि वस्तीभोवती एक फेरी मारून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी कट्ट्यावर आलो, तर डाव्या सीटवर घागर! काठोकाठ भरलेली! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अप्पा, झालं की आता! जिंकलात! आता तरी मला तिथं बसू द्या!"

"पंधरा दिसांनी गड्ड्याची जत्रा हाय," अप्पा म्हणाले. "अक्काला आनायची हाय. तिनं सिद्धेश्वर बघून लई वर्षं झाली. पर हलक्या मानसाला हिसका जास्ती बसतोय, सर. पाटे परत बघायला पायजेत."

तेव्हा माझं लक्ष घागरीच्या खाली गेलं. पोतं निम्मं झालं होतं.

"एवढंच?" मी विचारलं.

"काल उचललं की तिला," अप्पा म्हणाले. "एवढीच ऱ्हायलीय." आणि त्यांनी पोत्याची दोरी पुन्हा एकदा सोडून, सावकाश, नीट बांधली.

मी मागच्या फळीवर जाऊन बसलो.