नाक असल्याचा दाखला

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातले हेडक्लार्क राहतात त्या इमारतीत एका मंगळवारी सकाळी जी घटना घडली, तिची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही. भाऊसाहेब दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर चक्कर येऊन पडले.

भाऊसाहेब हा हेडक्लार्कांचा कुत्रा. वय वर्षं तीन, चेहरा बढती हुकलेल्या अधिकाऱ्यासारखा, डोळे बाहेर आणि नाक आत. घरात आल्या दिवशी त्याने सगळ्यांकडे अशा काही नाराजीने पाहिलं की हेडक्लार्क आपसूक उभे राहिले, आणि त्याच दिवशी हे नाव पडलं. श्वास घेताना त्याचा आवाज शेजारच्या घरात ऐकू जायचा. शेजारच्या शिक्षिकाबाई तर त्यावर घड्याळ लावायच्या: भाऊसाहेब घोरू लागले म्हणजे दुपारचे दोन.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर घेतलं, नाकपुड्यांत टॉर्च मारला आणि मान हलवली.

"नाकपुड्या म्हणजे नुसत्या चिरा आहेत. टाळू घशात लोंबतोय. हा तीन वर्षं बोरूच्या बारीक नळीतून श्वास घेतोय म्हणा ना. उन्हाळ्याच्या आत ऑपरेशन करून घ्या."

"आणि नाही केलं तर?" हेडक्लार्कांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी विचारलं.

"तर जिना चढताना पडला, तसा बसल्या जागी पडेल. विमा आहे का याचा? एवढ्यावर संपणार नाही हे. अशा कुत्र्यांचे डोळे, कातडीच्या घड्या, मणका, सगळंच नाजूक."

विमा हा शब्द ऐकताच हेडक्लार्कांच्या चेहऱ्यावर तेज आलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज परत पाठवले होते. एकदा एक गृहस्थ स्वतः जिवंत असल्याचं सांगायला आले, तेव्हा हेडक्लार्क नम्रपणे म्हणाले होते, "तुम्ही दिसताय. पण कागदावर दिसत नाही." अशा माणसाला अर्ज भरायची भीती कसली? उलट माहेरी निघाल्यासारखे ते उत्साहाने घरी आले आणि तीन कंपन्यांची माहितीपत्रकं टेबलावर पसरून बसले.

पहिल्या कंपनीच्या पत्रकावर एक आनंदी कुत्रा होता. त्याला भलंमोठं नाक होतं. पॉलिसीत वीज पडणं, पूर येणं, दंगल, भूकंप आणि अंगावर विमान कोसळणं हे सगळं समाविष्ट होतं. खाली बारीक अक्षरात एक टीप होती. हेडक्लार्क बारीक अक्षरं आधी वाचायचे, मोठी नंतर.

"चपट्या चेहऱ्याच्या कुत्र्यांसाठी नाक, घसा, टाळू, डोळे, त्वचा, दात, मणका आणि गुडघे वगळून," त्यांनी वाचलं.

"मग उरलं काय?"

"कान."

"कान ठणठणीत आहेत त्याचे."

"म्हणून तर उरलेत, अगं."

दुसऱ्या कंपनीचे सल्लागार स्वतः घरी आले. इतकं गोड बोलायचे की काकूंनी त्यांचं नाव साखरे ठेवलं. त्यांनी आल्या आल्या भाऊसाहेबाला "काय म्हणता सर?" असं विचारलं आणि खिशातून मोजपट्टी काढली.

"काका, फॉर्मालिटी. दोन डोळ्यांच्या मधून नाकाच्या टोकापर्यंत लांबी लागते."

त्यांनी एकदा मोजलं, मग पट्टी उलटी धरून मोजलं. भाऊसाहेबाने पट्टी चाटली.

"शून्य येतंय काका. खरं म्हणजे शून्याच्याही जरा अलीकडे."

"मग शून्य लिहा."

"कॉम्प्युटर शून्य घेत नाही. 'कृपया नाक भरा' म्हणतो." साखरे विचारात पडले. "एक करता येईल. डॉक्टरांकडून दाखला आणा. नाक असल्याचा."

दुसरा कुणी असता तर त्याने साखऱ्यांना जिना दाखवला असता. हेडक्लार्कांना मात्र ही मागणी मनापासून पटली. नाक दिसतं हा काही पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून लिहून आणलं: 'प्रस्तुत श्वानास नाक असून ते चेहऱ्याच्या आतील बाजूस आहे.' खाली सही, वर शिक्का, दोन प्रती.

आठवड्याने उत्तर आलं. दाखला मिळाला, आभारी आहोत. तथापि नाक चेहऱ्याच्या आतील बाजूस असल्याने ते अंतर्गत अवयव ठरते. अंतर्गत अवयवांची योजना निराळी असून, तिच्यासाठी श्वानास बाह्य नाक असणे आवश्यक आहे.

हेडक्लार्कांनी ते पत्र दोनदा वाचलं. "माणूस तयारीचा दिसतोय," ते कौतुकाने म्हणाले.

"अहो, उन्हं वाढायला लागली," काकू म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंना फोन करा. विमाबिमा मागाहून बघू."

"मागाहून? ऑपरेशन आधी आणि विमा नंतर? घोड्याच्या पुढे गाडी?"

"गाडी राहू दे हो. घोडा गुदमरतोय."

पण तोवर तिसरी कंपनी सापडली होती. तिची खास चपट्या नाकांसाठीच योजना होती आणि तिचं नाव 'मोकळा श्वास' होतं. तिच्यात नाक होतं, टाळू होता, ऑपरेशनही होतं. अट एकच. सुरुवातीचे नव्वद दिवस कुत्र्याला श्वासाचा कोणताही त्रास दिसता कामा नये. दिसला, तर आजार पॉलिसीआधीचा मानला जाईल. ही खात्री पटावी म्हणून कंपनीने एक पट्टा पाठवला. तो चोवीस तास कुत्र्याच्या गळ्यात राहायचा आणि आवाज टिपायचा. घोरणं टिपलं गेलं, की नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून.

आता घोरायचं नाही म्हणजे झोपायचं नाही, हे ओघानेच आलं. हेडक्लार्कांनी वेळापत्रक आखून भिंतीला लावलं. दुपारी काकू कुत्र्याजवळ बसून राहायच्या आणि डोळा लागला की त्याच्या पंजाला गुदगुल्या करायच्या. संध्याकाळी हेडक्लार्क कार्यालयातून येऊन कामावर रुजू व्हायचे. भाऊसाहेब बसल्या बसल्या पेंगायचा, दचकायचा, आणि दोघांकडे अशा नजरेने बघायचा की काकूंना घास गोड लागेना.

अकराव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. रविवारी दुपारी अडीच ते सव्वाचार घोरण्याची अखंड नोंद झाली होती. आवाज भारदस्त असून मधूनच शीळ येत असल्याने आजार पुढच्या टप्प्यात गेल्याचं कंपनीचं मत होतं.

"रविवारी तर भाऊसाहेब माझ्याबरोबर गच्चीवर होता," काकू म्हणाल्या. "पट्टा धुवायचा म्हणून काढून ठेवला होता. तुमच्या उशाशी."

हेडक्लार्क खाली बघू लागले.

"लिहून कळवा की त्यांना! घोरणारा मीच म्हणून."

"मग माझ्या पॉलिसीवाल्यांना कळेल," हेडक्लार्क पुटपुटले.

नव्वद दिवस पुन्हा सुरू झाले. आणि पाचव्या दिवशी, भर दुपारी, भाऊसाहेब स्वयंपाकघराच्या दारात उभ्याचा आडवा झाला. या वेळी जिना नव्हता, काही नव्हतं. जीभ निळी पडली होती. काकूंनी फोन केला तेव्हा हेडक्लार्क एका बाईंना आईच्या नावातला वेलांटीचा फरक समजावून सांगत होते. ते वाक्य अर्धं टाकून निघाले. अठ्ठावीस वर्षांत हे पहिलंच अर्धं वाक्य होतं.

दवाखान्याच्या बाकावर काकू पदराने हात पुसत बसल्या होत्या. हात कोरडे होते, तरी पुसत होत्या.

"तुमचा विमा जगला असता हो," त्या म्हणाल्या. "कुत्रा मेला असता."

हेडक्लार्कांनी भाऊसाहेबाच्या गळ्यातून काढून बाकावर ठेवलेला पट्टा उचलला, बाकाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि आत जाऊन डॉक्टरीणबाईंच्या कागदावर एकही ओळ न वाचता सही केली.

ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी भाऊसाहेब घरी आला आणि आपल्या गोणपाटावर झोपला. आवाज नाही. काकू दर थोड्या वेळाने वाकून त्याच्या नाकासमोर तळहात धरायच्या. ऊबदार हवा यायची, जायची. हेडक्लार्कही काकूंची नजर चुकवून दोनदा तळहात धरून आले. शिक्षिकाबाई तेवढ्या कुरकुरल्या, की दुपारचे दोन वाजलेले आता कळत नाहीत.

सवय मेली तरी हात चालतोच. हेडक्लार्कांनी 'मोकळा श्वास'कडे खर्चाचा दावा दाखल केला. कंपनीने उलट टपाली एक शेवटचं प्रश्नपत्रक धाडलं. त्यात एकच रकाना होता: 'या जातीच्या व या चेहऱ्याच्या श्वानाची निवड करण्याचे कारण.'

हेडक्लार्क पेन उघडून बसले, आणि त्यांना पिल्लं विकणाऱ्याचं ते घर आठवलं. विक्रेत्याने टोपलीत पाच पिल्लं आणली होती. त्यातल्या एकाला बऱ्यापैकी नाक होतं. ते सगळ्यांत धडधाकट. टोपलीबाहेर उडी मारून त्याने हेडक्लार्कांची चप्पल पळवली होती. विक्रेता ओशाळून म्हणाला होता, "त्याला सोडा साहेब, तो जरा खराब निघालाय. नाक आलंय त्याला." आणि हेडक्लार्कांनी कोपऱ्यात धापा टाकत बसलेल्या, सगळ्यांत चपट्या पिल्लाकडे बोट दाखवलं होतं. "हा द्या. कसा माणसासारखा दिसतो!"

खोटं लिहिता आलं असतं. पण रकान्यात खोटं लिहिणं हेडक्लार्कांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी लिहिलं: 'नाक चपटे असल्याने गोड दिसतो म्हणून.'

उत्तर चार दिवसांत आलं. 'सदर आजार अर्जदाराने पाहून, पसंत करून घरी आणलेला आहे. पसंतीचा विमा काढता येत नाही. दावा नामंजूर.'

हेडक्लार्कांनी पत्र उजेडात धरलं, भिंगाखाली घेतलं. शब्द मोजून मापून होते, पळवाट नव्हती. इतक्या दिवसांत कंपनीने धाडलेला हा पहिलाच निर्दोष मसुदा होता, आणि त्यांना त्याच्यावर राग काढता येईना.

राग इमारतीने काढला. रविवारी गच्चीवर सभा भरली. मुक्या जनावराच्या जिवाशी खेळणाऱ्या कंपनीचा एकमताने निषेध झाला. तळमजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हर तर बोलता बोलता रडले. सह्या झाल्या. मग शिक्षिकाबाईंनी पर्समधून मोबाइल काढला.

"बरं का, आम्हीही नोंदवलंय एक. पुढच्या महिन्यात येईल. बघा!"

फोटोतल्या पिल्लाला नाक जवळजवळ नव्हतंच. दोन डोळे, मध्ये एक घडी. सभा फोटोभोवती गोळा झाली. "अगं बाई!" "कित्ती गोड!" "हा तर भाऊसाहेबापेक्षाही चपटा!"

"बाई," हेडक्लार्क म्हणाले, "ते गुदमरतंय. ऐका माझं, टोपलीत एखादं नाकवालं असेल. त्याला आणा."

मग ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाले, "पण साहेब, नाकवाला काय, रस्त्यावरही मिळतो."

सगळ्यांना ते पटलं. शिक्षिकाबाईंनी फोटो सर्वांना पाठवून दिला.

तो फोटो आमच्याकडेही आला आहे आणि या गोष्टीच्या सुरुवातीला छापायचा विचार होता. छापला नाही. छापला असता तर तुम्ही गोष्ट वाचलीच नसती. पिल्लू कुठे मिळतं, एवढंच विचारलं असतं.